न घेणाऱ्याचा भाव

रेगे मॅडम दारातच थांबल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "कोरे, मी ऑफिसला न जाता आधी तुमच्या घरी आले आहे. का, ते तुमच्या लक्षात येईल."

ते अण्णांच्या लक्षात आलं नाही. मुंबईच्या साहेब घरी आल्या म्हणजे मान, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी खुर्चीवरचे पेपर उचलले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मला चहा टाकायला सांगितलं. मी पुण्याहून मेच्या सुट्टीला आले होते. एम.ए.चं एक वर्ष झालं होतं आणि अर्थशास्त्र आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. आई जाऊन दहाएक वर्षं झाली होती. उदगीरच्या त्या दोन खोल्यांत सुट्टीपुरते आम्ही दोघं असायचो, एरवी अण्णा एकटेच.

अण्णा भाव गोळा करायचे. तीच त्यांची नोकरी. दर सोमवारी ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे आणि लिहून वर पाठवायचे. महागाई इतकी वाढली, तितकी वाढली असं सरकार सांगतं ते अशाच माणसांच्या पायपिटीवरून. त्या वर्षी त्यांच्या हाती आणखी एक यादी आली होती, आणि ती जगातल्या पुष्कळ देशांत एकाच वेळी फिरत होती. श्रीमंत देशातल्या माणसाची आणि गरीब देशातल्या माणसाची मिळकत नुसत्या डॉलरच्या दराने तोलली तर फसगत होते, कारण तेवढ्याच पैशात इथे जास्त येतं आणि तिथे कमी. म्हणून तीच वस्तू कुठे केवढ्याला मिळते ते पाहायचं आणि मग ठरवायचं, कोण किती गरीब. हे मी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी अण्णांना समजावून दिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मन्मथप्पाची तूरडाळ आता अमेरिकेला जाणार."

ती यादी त्यांनी फार मनावर घेतली होती. तीत ऑलिव्ह तेल होतं. उदगीरच्या किराणा दुकानांत ते कुणी पाहिलंही नव्हतं. शेवटी एका मेडिकलमध्ये सापडलं, तान्ह्या बाळाच्या मालिशची बोटभर बाटली. दुकानदार म्हणाला, लिहा की अण्णा, ऑलिव्हच आहे. अण्णांनी लिहिलं नाही. यादीत खाण्याचं तेल होतं, आणि उदगीरचं बाळ ते खात नव्हतं. त्यांनी तिथे 'उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि घरी येऊन मला ही गोष्ट दोनदा सांगितली.

चहा झाल्यावर मॅडम बोलल्या. चाळिशी उलटलेल्या, बारीक अंगाच्या, प्रवासाने डोकं दुखत असावं तशा एका हाताने कपाळ दाबत बसलेल्या. आवाज मात्र मऊ होता. उदगीरच्या भावांत काहीतरी गोम आहे, असं त्या म्हणाल्या. ज्या वस्तूंवर किंमत छापलेली असते, साबण, बिस्किटं, टूथपेस्ट, त्यांचे आकडे चोख. पण सुटं काही घेतलं, डाळ, गूळ, भाजी, कापड, चपला, की उदगीर आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा खाली. आणि हे याच वर्षी नाही. त्यांनी मागचे तक्ते काढून पाहिले होते.

"इथे डाळीच्या मिली आहेत, मॅडम," अण्णा म्हणाले. "डाळ स्वस्तच असते."

"डाळ मान्य. वांगी? वांग्यांच्या मिली आहेत का?"

अण्णा हसले. त्या हसल्या नाहीत.

"कोरे, छापलेली किंमत घरी बसून लिहिता येते. सुट्या मालाची येत नाही, ती अंदाजाने लिहावी लागते. मला सांगा, तुम्ही बाजारात जाता ना?"

तेव्हा कुठे अण्णांना कळलं, त्या आधी घरी का आल्या ते. खोटे आकडे भरणं हा आमच्या घरात चोरीच्या पुढचा गुन्हा होता. अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. अहवालात एक वाक्य गेलं असतं तर चौकशी लागली असती, पेन्शन लटकलं असतं, पण त्या क्षणी त्यांच्या मनात पेन्शन नसावं. त्यांची मान किंचित पुढे आली होती, नीट ऐकू न आल्यासारखी.

"मी बाजारात जातो, मॅडम," ते म्हणाले. एवढंच.

मॅडमनी दुकानांची नावं विचारून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, एक पिशवी दे. मी आईच्या वेळची खाकी पिशवी दिली. मी येईपर्यंत दोघंही बाहेर पडू नका, असं सांगून त्या एकट्या उन्हात निघून गेल्या. अण्णा खुर्चीत बसून राहिले. मी काहीतरी वाचत असल्याचं सोंग केलं. एकदा ते उठले, माठातलं पाणी प्याले आणि परत तिथेच बसले.

दुपारी मॅडम आल्या तेव्हा पिशवीत तूरडाळ होती, गुळाचा खडा होता, वांगी होती. कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांत नुसते भाव विचारले होते. सगळीकडे अण्णांनी लिहिल्यापेक्षा जास्त. थोडंथोडकं नाही.

"मन्मथप्पा म्हणजे पोस्टासमोरचेच ना? जाड भिंगांचा चष्मा?"

"तेच," अण्णा म्हणाले. त्यांनी पुडी सोडून डाळ तळहातावर घेतली, पाहिली आणि परत पुडीत ओतली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले की बाजारात एकाच वस्तूचे दोन भाव असू शकतात, नमुन्यात फरक पडतोच, चूक ही धरूनच चालायचं असतं. पुस्तकात असंच होतं. मॅडमनी माझं बोलणं पुरतं होऊ दिलं.

"बाळ, चूक असती तर कधी वर गेली असती, कधी खाली. ही नेहमी एकाच बाजूला जाते."

अण्णा उभे राहिले. "माझ्याबरोबर चला," ते म्हणाले. "मी विचारतो. तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा."

मेमधल्या दुपारी उदगीरचा बाजार अर्धा झोपलेला असतो. शटर कमरेपर्यंत ओढलेली, दुकानदार पोत्यांना टेकून पेंगणारे. मन्मथप्पांच्या दुकानाशेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या पत्र्याच्या सावलीत मी आणि मॅडम थांबलो. अण्णा पुढे गेले. ते कसे उभे राहतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फळीपासून थोडं लांब, हात मागे, गिऱ्हाइकासाठी वाट मोकळी ठेवून.

"मन्मथप्पा, तूर काय भाव?"

"या अण्णा. आज सोमवार न्हाई की." आणि मन्मथप्पांनी भाव सांगितला. अण्णांनी आठवड्यापूर्वी लिहिलेलाच. मॅडमनी सकाळी दिलेल्यापेक्षा किलोमागे चार रुपये कमी.

मॅडम सावलीतून पुढे झाल्या. "मला सकाळी वेगळा सांगितलात."

मन्मथप्पांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्यांना ओळखलं. "तुमाला सांगितला त्यो बाजारभाव हाय, बाई. कुनालाबी इचारा."

"मग यांना सांगितला तो?"

मन्मथप्पांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते अण्णांपेक्षा वयाने मोठे. शाळेत असताना मला वाटेत थांबवून, परीक्षा झाली का माय, म्हणून विचारायचे.

"अण्णा, तुमी जरा आत जाऊन बसा. पानी घ्या."

"मी इथंच आहे. सांगा त्यांना."

"आता काय सांगावं," ते म्हणाले, आणि मॅडमना नाही, अण्णांना नाही, मला सांगू लागले. "तुजी आई सोलापूरच्या दवाखान्यात व्हती, तवाची गोष्ट हाय, माय. म्या म्हैनाभराचा किराणा घरी पाठवला. ह्या मानसानं त्यो परत आनून ह्याच फळीवर ठेवला. पुडीची गाठसुदिक सोडली न्हाई. म्हनला, भाव घेतो तिथून फुकट घेत न्हाई. बरं म्हनलं. मंग तुजी आई गेली. त्याच्या फुडच्या सोमवारी आला, भाव इचारला, गेला. त्याच्या फुडच्या सोमवारीबी तेच. घेत काईच न्हाई. घरात बाई न्हाई, लेकरू लहान, आन् मानूस भाव इचारून रिकाम्या हातानं जातोय. म्हनलं, ह्याला परवडंना. फुकट तर घेनार न्हाई. मंग निदान भाव तरी उतरवावा. कवातरी घेईल."

सायकलवाल्याचा रेडिओ चालू होता. त्याने तो बंद केला.

"भाव विचारणं माझं काम आहे," अण्णा म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं ते."

"ठाऊक व्हतं की. काम हाय म्हनून इचारता. पन घेत कामून न्हाई? तुमच्या आधीचे साहेब इचारायचे आन् घ्यायचेबी."

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं असं नाही, पण त्याचा त्रास मी लहानपणापासून भोगला होता. आमचा किराणा पार स्टेशनजवळच्या दुकानातून यायचा. भाजी आम्ही तिकडच्याच एका बाईकडून घ्यायचो, शिळी असली तरी. घराजवळ पोस्टासमोर एवढं भरलेलं दुकान असताना मी उन्हातान्हात स्टेशनपर्यंत का जायचं, हे मी अण्णांना बरेचदा विचारलं होतं. ते म्हणायचे, तिथलं चांगलं असतं. ते चांगलं नसायचं.

"तुमच्याकडून घेतलं तर मी तुमचं गिऱ्हाईक झालो," अण्णा म्हणाले. ते सावकाश, जोडून जोडून बोलत होते. "रोजच्या गिऱ्हाइकाला माणूस दोन पैसे कमी लावतो. मग तो भाव खरा राहत नाही. भाव खराब होऊ नये म्हणून घेत नव्हतो."

मन्मथप्पांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

"हे आज सांगलालाव व्हय, अण्णा," ते म्हणाले.

मॅडमनी तोंड पोस्टाकडे फिरवलं होतं.

यानंतर घरी परतलो असतो तरी चाललं असतं. मॅडम तसं म्हणाल्याही. पण अण्णा पुढे चालू लागले, आपल्या सोमवारच्या वाटेने, आणि आम्ही त्यांच्या मागे. कापडवाल्याने आधी साफ नाही म्हणून सांगितलं, मग म्हणाला, तुमचा तो निळा शर्ट बघून बघून माझेच डोळे दुखायले, अण्णा, म्हनलं कापड स्वस्त सांगितलं तर एखादा शिवाल. चपलांच्या दुकानातला म्हातारा नुसता मान खाली घालून बसला. मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही आपसात ठरवलं होतं का. कुणीच ठरवलं नव्हतं. उलट दुसरेही तेच करतात हे ऐकून कापडवाल्याला आश्चर्य वाटलं. ज्याला त्याला वाटत होतं, आपण एकटेच.

शेवटी भाजीबाजार. रहिमतबी लिंबाखाली गोणपाट टाकून बसायची. तिच्यापुढे माल तो काय, वांग्यांचा एक ढीग, थोडी गवार, पाणी मारून मारून काळी पडलेली कोथिंबीर. तिच्या पायांतली चप्पल तारेने बांधलेली होती. मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही. अण्णांनीच विचारलं.

"रहिमतबी, तू मला वांग्यांचा भाव कमी का सांगतेस?"

ती गोंधळली. तिला वाटलं, तक्रार आहे. "ज्यादा तर न्हाई लावला, साहेब."

"कमी का, म्हणतो मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या मोकळ्या हातांकडे. "बाई गेल्यापासून बगते की, साहेब. विचारता, उबे राहता, जाता. पोरगी घरी काय खात असंल." आणि तिने ढिगातली चार चांगली वांगी निवडून माझ्या ओंजळीत ठेवली. "आज घ्या तरी. आता तर ती मोठी झाली."

अण्णांनी मॅडमकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं. मग म्हणाले, "आज नको, रहिमतबी." मी वांगी परत ढिगावर ठेवली. ठेवताना एक घरंगळलं, ते तिने उचलून पदराला पुसलं.

घरी आल्यावर मॅडमनीच आधी बोलायला सुरुवात केली. त्या आता वेगळ्याच सुरात बोलत होत्या. अण्णांवर आळ येईल असं काही लिहायचं कारण उरलं नाही, त्या म्हणाल्या. त्या इतकंच लिहितील की उदगीरची दुकानं जुनी झाली, नमुना बदलावा. असं पुष्कळ गावांबद्दल लिहितात. कुणी काही विचारत नाही.

"आणि मागचं?" अण्णांनी विचारलं.

"मागचं कोण उघडतं, कोरे. ते छापून झालं."

अण्णा माझ्याकडे वळले. "तू मला सांगितलं होतंस ना गिरिजा, भावाचं. गावचा भाव खऱ्यापेक्षा कमी धरला, तर पुढे काय होतं?"

मी सांगितलं. भाव कमी धरला की रुपया जड दिसतो. रोजची शंभराची मिळकत असलेल्या माणसाला त्यात जास्त वस्तू येतात असं कागद म्हणतो. गरिबीची रेषा खाली सरकते. कालपर्यंत तिच्याखाली असलेला माणूस तिच्यावर दिसायला लागतो.

"म्हणजे रहिमतबी."

"रहिमतबी कागदावर थोडी वर येते," मी म्हणाले.

अण्णांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "तिनं माझी कीव केली, म्हणून ती गरीब राहिली नाही."

"तिच्या एकटीमुळे काही होत नाही, अण्णा. एवढ्या मोठ्या देशात उदगीर म्हणजे केवढंसं. आणि जगाच्या तक्त्यात तर..."

"मी जगाचं विचारत नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी टेबलाच्या खणातून फुलस्केप कागद काढला आणि खुलासा लिहायला बसले. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. ऑफिसचं लिखाण ते नेहमी भराभर लिहायचे, त्यांना त्यातले साचे पाठ होते. या वेळी मात्र पेन पुष्कळदा थांबलं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला. "शुद्धलेखन बघ."

दुकानांची नावं, वस्तू, किती वर्षं, सगळं क्रमाने होतं. शेवटचं वाक्य असं होतं: 'सदर दुकानदारांनी मला सहानुभूतीपोटी बाजारभावापेक्षा कमी भाव सांगितले व मी ते खरे समजून नोंदवले.'

शुद्धलेखन बरोबर होतं. मी तसं सांगून कागद परत दिला. त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि 'सहानुभूतीपोटी' या शब्दावर एक सरळ रेघ मारून वर लिहिलं, 'मी गरीब आहे असे समजून'. बाजूला सही केली.

मॅडमनी वाचलं. "हे असंच जाऊ द्यायचं? मुंबईत चार लोक वाचतील."

"तसंच घडलं," अण्णा म्हणाले.

त्या निघाल्या तेव्हा पिशवी टेबलावर होती. अण्णांनी ती उचलून त्यांच्या हातात द्यायला पुढे केली. त्या चपला घालत म्हणाल्या, "राहू द्या, कोरे. मी पूर्ण भावाने घेतलंय." आणि जिना उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा रहिमतबीची, मॅडमनी सकाळी तिच्याकडून घेतलेली वांगी शिजली. अण्णांनी दोनदा वाढून घेतलं. वांगी चांगली आहेत, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही.

पुढे उदगीरची दुकानं बदलली गेली. सोमवारची फेरी एका दुसऱ्या माणसाकडे गेली आणि अण्णांनी उरलेला काळ ऑफिसात बसून काढला. खुलाशाबद्दल त्यांना कुणी काही बोललं की नाही, ते मला कधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. बाजारातल्या कुणाशी ते वाकडेही वागले नाहीत. फक्त निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकी पिशवी घेऊन मन्मथप्पांच्या दुकानात गेले. हे मला मन्मथप्पांकडूनच कळलं.

मग पुष्कळ वर्षं त्या दुकानात एक भांडण चालायचं. शेजारचा सायकलवाला ते ऐकायला हातातलं काम ठेवून यायचा. मन्मथप्पा भाव सांगायचे. अण्णा म्हणायचे, खरा सांगा. मन्मथप्पा म्हणायचे, हाच खरा. अण्णा म्हणायचे, स्टेशनवर मी आत्ता विचारून आलो. मग मन्मथप्पा एक रुपया वर जायचे, अण्णा तीन म्हणायचे, आणि गिऱ्हाईक भाव चढवतंय, दुकानदार उतरवतोय, असं ते उफराटं घासाघीस करणं कितीतरी वेळ चालायचं. शेवटी अण्णा पैसे फळीवर ठेवून निघायचे. मन्मथप्पा मागून म्हणायचे, ह्या मानसानं मला लुटारू केलं. मी सुट्टीत गेले की मलाही सोबत न्यायचे. मी उभी राहून बघायची. दोघांपैकी एकानेही कधी माघार घेतली नाही.

रहिमतबीकडून ते रोज भाजी घ्यायचे. तिच्याशी मात्र भाव करायचे नाहीत. ती जे सांगेल ते देऊन यायचे. ती गेल्यावर तिची सून तिथे बसायला लागली.

मी आता पुण्यात अर्थशास्त्र शिकवते. देशादेशांची तुलना शिकवायची वेळ आली की फळ्यावर तक्ता काढते. श्रीमंत देश वर, गरीब देश खाली, आणि प्रत्येकाच्या समोर तिथले किती लोक रेषेखाली. विद्यार्थी विचारतात, हे आकडे कितपत खरे. त्याचं जे उत्तर पुस्तकात आहे, ते मी देते. ते उत्तर चुकीचं नाही.

अण्णा या पौषात गेले. त्रास फारसा झाला नाही. समाधीचं सगळं नातेवाईकांनी केलं. आमच्या लिंगायतांत मग शिवगणाराधना असते, लोकांना जेवायला बोलावतात. त्याचा किराणा आणायला मी स्वतः जाते म्हणाले. चुलतभाऊ म्हणाला, स्टेशनजवळ घाऊकात स्वस्त पडेल, मी फोन करून भाव विचारलाय. त्याने भाव सांगितला. मी तो लक्षात ठेवला आणि खाकी पिशवी घेऊन पोस्टासमोर गेले. पिशवीत एवढा किराणा मावणार नव्हता, तरीही नेली.

मन्मथप्पा पोत्याला टेकून बसले होते. त्यांना आता कमी दिसतं. मी नाव सांगितलं.

"किती मानसं जेवायला, माय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात डाळीचा, तांदळाचा, गुळाचा हिशेब केला. मी तुरीचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. चुलतभावाने सांगितलेल्या घाऊक भावापेक्षाही तो बराच खाली होता.

सांगून झाल्यावर ते लगेच उठले नाहीत. तराजूवर हात ठेवून, मान थोडी वाकडी करून थांबले. ते कशाची वाट बघत होते, ते मला माहीत होतं. शेजारचा सायकलवालाही हातातली नळी धरून थांबला होता. अण्णांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. इतक्या वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की सूरही तोच लागला असता.

मी पिशवी उघडून धरली.

"द्या," मी म्हणाले.